पेटीवरचा टॅब आणि अँड्रॉइडचा आकडा

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, डिचोलीत राहतो. मुलाने २०२१ च्या चवथीला मला सॅमसंगचा गॅलॅक्सी टॅब ए७ घेऊन दिला. आमच्या भजनी मंडळाचे अभंग, गौळणी, भैरव्या असे चारशेच्या वर मी त्यावर घेतले आहेत. पेटीवर टॅब ठेवला की वही चाळावी लागत नाही आणि अक्षर हवे तेवढे मोठे करता येते. त्यावर अँड्रॉइड १२ आहे. अँड्रॉइड १६ आल्याचे वाचले, म्हणून रोज ‘सॉफ्टवेअर अपडेट’मध्ये जाऊन बघतो. तिथे ‘सॉफ्टवेअर अद्ययावत आहे’ एवढेच येते. पुतण्याने व्हॉट्सॲपवर एक लिंक पाठवली आहे. ती दाबली की अँड्रॉइड १४ उतरते म्हणतो. दाबू का? की कंपनीकडून येईल? टॅब उत्तम चालतो, टाकून द्यायला जीव होत नाही.

उत्तर : मास्तर, ती लिंक दाबू नका. बाकीचे सविस्तर सांगते, पण हे आधी. टॅबची ऑपरेटिंग सिस्टम म्हणजे एखादे ॲप नव्हे. ती त्या-त्या मॉडेलसाठी वेगळी तयार होते, तिच्यावर कंपनीची डिजिटल सही असते आणि ती सेटिंग्जमधल्या ‘सॉफ्टवेअर अपडेट’मधून येते. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या फाइलला ‘अँड्रॉइड १४’ नाव दिले म्हणून ती अँड्रॉइड १४ होत नाही. असल्या फायली आत शिरल्या की एसएमएस वाचायची परवानगी मागतात आणि मग बँकेचा ओटीपी तिसऱ्याच माणसाला दिसू लागतो. पुतण्याचा हेतू चांगलाच असणार, त्यालाही कोणीतरी पाठवली असेल. त्याने ती स्वतःच्या फोनवर उघडली असेल तर आजच ते ॲप काढायला सांगा, दुसऱ्या फोनवरून पासवर्ड बदलायला सांगा आणि खात्यातून पैसे गेले असतील तर क्षणही न दवडता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायला सांगा.

आता तुमचा खरा प्रश्न. अँड्रॉइड १३ तुमच्या टॅबला येणार नाही. १४ ही नाही. हा टॅब सप्टेंबर २०२० मध्ये अँड्रॉइड १० घेऊन बाजारात आला. त्याला ११ मिळाले, १२ मिळाले आणि तिथे त्याचा कोटा संपला. ‘सॉफ्टवेअर अद्ययावत आहे’ या वाक्याने तुमच्यासारख्या अनेकांना आशा लावून ठेवली आहे. त्या वाक्याचा अर्थ इतकाच की या मॉडेलसाठी कंपनीने जे शेवटचे सोडले ते तुमच्याकडे आहे. जगातले शेवटचे तुमच्याकडे आहे, असे ते म्हणत नाही. मराठीत तरी ते वाक्य ‘या टॅबसाठी आणखी अपडेट शिल्लक नाही’ असे लिहायला हवे होते, असे मला मनापासून वाटते. रोज सकाळी उठून तिथे बघण्याचे तुमचे श्रम वाचले असते.

हे असे का होते? गूगल नवे अँड्रॉइड सोडते, पण ते थेट आपल्या टॅबवर येत नाही. वाटेत आधी चिप बनवणारी कंपनी लागते : क्वालकॉम, मीडियाटेक, युनिसॉक. तिने त्या जुन्या चिपसाठी नव्या अँड्रॉइडशी जुळणारे ड्रायव्हर, म्हणजे चिप आणि सिस्टम यांना जोडणारी सॉफ्टवेअर, द्यावे लागतात. मग टॅबची कंपनी त्यावर आपला साज चढवते, कॅमेरा, वायफाय, स्पीकर सगळे तपासते आणि मग ते आपल्याकडे येते. यातला एक दुवा थांबला की पुढचे सगळे थांबते. २०१७ मध्ये अँड्रॉइड ८ बरोबर गूगलने ‘प्रोजेक्ट ट्रेबल’ आणले आणि चिपचा भाग व अँड्रॉइडचा भाग वेगळे केले. त्याने काम हलके झाले, पण तपासणीचा खर्च राहिलाच. स्वस्त टॅबवर कंपनीला नफा थोडा, मग चार वर्षांनंतर त्या मॉडेलसाठी माणसे बसवून ठेवायची कोणी? ॲपलचे टॅब जास्त वर्षे का टिकतात याचे उत्तरही इथेच आहे. त्यांची चिप, सिस्टम आणि टॅब एकाच घरातले. २०१९ च्या सातव्या पिढीच्या आयपॅडला आयपॅडओएस १८ पर्यंत सगळी अपग्रेड मिळाली. १८ नंतर ॲपलने थेट २६ हा आकडा घेतला, २०२५ मध्ये आलेल्या त्या २६ च्या यादीत मात्र तो नाही.

पण टॅबची ताकद कमी पडली म्हणून अपग्रेड थांबले, असे समजू नका. तुमच्या ए७ मध्ये स्नॅपड्रॅगन ६६२ ही चिप आहे. त्याच्यानंतर वर्षभराच्या आत त्याच घराण्यातला ए७ लाइट आला, त्यात मीडियाटेकची हेलिओ पी२२टी. ही चिप तुमच्या चिपपेक्षा दुबळी, रॅम तीच ३ जीबी. तरी त्या लाइटला अँड्रॉइड १४ पर्यंत अपग्रेड मिळाले. कारण तो अँड्रॉइड ११ घेऊन जन्मला आणि त्याला तीन पिढ्यांचा हिशेब लागला. तुमच्या टॅबला दोनच. म्हणजे ताकद हा मुद्दा दुय्यम. त्या मॉडेलच्या वाट्याला कंपनीने किती अपग्रेड लिहिली होती, यावर सगळे ठरते.

आणि हा हिशेब आपल्या बिलावरच्या तारखेपासून सुरू होत नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये सॅमसंगने जाहीर केले होते की २०१९ पासून आलेल्या गॅलॅक्सी फोन-टॅबना किमान चार वर्षे सुरक्षा अपडेट मिळतील, पण मॉडेल पहिल्यांदा बाजारात आले त्या दिवसापासून. तुमचा टॅब २०२१ च्या चवथीला घरी आला, पण त्याची चार वर्षे २०२० मध्येच सुरू झाली होती. तुमचे एक वर्ष दुकानाच्या काचेच्या कपाटातच गेले.

हे मी पुस्तकातून शिकलेले नाही. मी फोंड्यात संगणकाचे वर्ग घेते, लोक मला विचारून वस्तू घेतात, आणि तरी बाबांसाठी टॅब घेताना मीच चुकले. चवथीच्या आधी मडगावात एका दुकानात मोठी सूट होती. नाव सांगत नाही, दुसऱ्या कंपनीचा होता. बांदोड्याच्या घरी बाबा पहाटे सोप्यावर बसून त्यावर मराठी पेपर वाचायचे, चष्मा कपाळावर सरकवून अक्षर दोन बोटांनी मोठे करायचे. पहिले अपग्रेड आले आणि नंतर शुकशुकाट. मी खोके काढून मॉडेल नंबर शोधला, तर ते मॉडेल आम्ही घेतले तेव्हाच सव्वादोन वर्षांचे झाले होते. सूट कशाची होती ते तेव्हा कळले. बाबा म्हणाले, “पेपर दिसता न्हू? मग कित्याक तू इतकी कष्टी?” पण मला ते लागले. ज्यांना यातले काही माहीत नाही अशा माणसांच्या हाती आपण मुदत संपत आलेली वस्तू देतो आणि कोणी सांगतही नाही. औषधाच्या पट्टीवर तारीख असते, बिस्किटाच्या पुड्यावर असते, मग टॅबच्या खोक्यावर ‘या तारखेपर्यंत सुरक्षा अपडेट मिळतील’ असे छापायला काय हरकत आहे? युरोपीय संघात २० जून २०२५ पासून फोन आणि टॅबना नियम लागू झाला : त्या मॉडेलचा शेवटचा नग बाजारात आणल्यापासून किमान पाच वर्षे अपडेट द्यायचे. शेवटचा नग! म्हणजे उशिरा घेणाऱ्याचेही नुकसान नाही. आपल्याकडेही ग्राहकांनी हे मागायला हवे.

मग तुमच्या टॅबचे काय करायचे? मास्तर, तो टाकू नका. तुमच्या कामाला अँड्रॉइड १२ पुरेसे आहे आणि आणखी बरीच वर्षे पुरेल. ॲप चालणे हे एक, सिस्टम नवी असणे हे दुसरे. गूगलची प्ले सेवा म्हणजे अनेक ॲप जिच्या आधाराने चालतात ती; अँड्रॉइड ४.४ साठी ती गूगलने २०२३ मध्ये थांबवली. ते अँड्रॉइड २०१३ चे. दहा वर्षे! व्हॉट्सॲपने त्याच ४.४ चा हात २०२५ च्या सुरुवातीला सोडला. तुमचे १२ तर २०२१ चे आहे. शिवाय अँड्रॉइड १० पासून सिस्टमचे काही भाग गूगल प्लेमधून थेट अपडेट होऊ शकतात आणि तुमचा टॅब १० घेऊनच आलेला आहे.

खरा प्रश्न सुरक्षेचा. सेटिंग्ज उघडा, सगळ्यात खाली ‘टॅब्लेटविषयी’, त्यात ‘सॉफ्टवेअर माहिती’. तिथे ‘अँड्रॉइड सुरक्षा पॅच’ अशी ओळ असेल आणि तिच्याखाली एक तारीख. अँड्रॉइडच्या आकड्यापेक्षा ही तारीख मोलाची. ती तुमच्याकडे जुनी दिसेल, तेव्हापासून सापडलेली सुरक्षेतली भोके त्या टॅबमध्ये बुजवलेली नाहीत. म्हणून त्यावर बँकेचे ॲप नको, यूपीआय नको, पेन्शनची कागदपत्रे नकोत. असतील तर आज काढा आणि ती कामे फोनवर करा, अर्थात त्या फोनचा पॅच ताजा असेल तर. टॅबवर गूगल खातेही वेगळे घाला, जे फक्त अभंगांसाठी असेल आणि ज्याला तुमचा बँकेचा मोबाइल नंबर जोडलेला नसेल. भजनाला बसताना वायफाय बंदच ठेवा. पीडीएफला इंटरनेट लागत नाही, आणि गजराच्या ऐन रंगात नोटिफिकेशनही वाजणार नाही.

अभंग टॅबच्या पोटात ठेवू नका. ३२ जीबीमधला बराच भाग सिस्टमच खाते आणि साठा भरत आला की टॅब मंदावतो. तुमच्या टॅबला मायक्रोएसडी कार्डाची खाच आहे, अभंग त्यावर हलवा. त्याची एक प्रत पेनड्राइव्हवर करून मंडळातल्या दुसऱ्या कोणाकडे ठेवा. सप्त्यात पहाटे तीनला तुमची पाळी लागली आणि टॅब उघडलाच नाही, तर कार्ड काढून दुसऱ्या टॅबमध्ये घालता आले पाहिजे.

आणि महिन्यातून एकदा टॅब सपाट टेबलावर पालथा ठेवून बघा. पाठ फुगलेली किंवा कड सुटलेली दिसली तर चार्जिंगला अजिबात लावू नका, बॅटरी फुगली आहे. पाच वर्षे झालेल्या टॅबला अँड्रॉइडच्या आकड्यापेक्षा हा धोका जवळचा आहे. रात्रभर देवघरात चार्जरला लावून ठेवायची सवय असेल तर ती मोडा. पावसाळ्यात पेटीसारखेच टॅबलाही दमट हवेपासून जपा, चार्जिंगच्या खाचेत आधी गंज धरतो.

मंडळासाठी दुसरा टॅब घ्यायचा झाला तर दुकानात दोनच गोष्टी विचारा : हे मॉडेल बाजारात कधी आले आणि त्याला सुरक्षा अपडेट कोणत्या वर्षापर्यंत. विक्रेत्याला सांगता आले नाही तर तिथेच उभे राहून कंपनीच्या संकेतस्थळावर बघायला लावा. सूट त्यानंतर.

प्रश्न : पेडण्यात माझे शिलाईचे दुकान आहे. ब्लाऊजची डिझाइन्स गिऱ्हाइकांना दाखवायला जुना टॅब वापरते. अँड्रॉइड ९. क्रोम आता अपडेट होत नाही. काय बिघडले?

उत्तर : बाय, बिघडले काही नाही. क्रोमची १३८ ही आवृत्ती अँड्रॉइड ८ आणि ९ वर चालणारी शेवटची होती. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या १३९ पासून अँड्रॉइड १० लागते. तुमचे जुने क्रोम बंद पडणार नाही, पण त्यातली भोकेही बुजणार नाहीत. डिझाइन्स फोनवर शोधा, आवडतील ती उतरवून टॅबमध्ये टाका आणि गिऱ्हाइकांना गॅलरीतून दाखवा. टॅबवर इंटरनेट नकोच. गिऱ्हाइकांचे नंबर आणि मापे त्यात लिहिली असतील तर तीही वहीत उतरवून घ्या.

प्रश्न : मी साखळीला कॉलेजात आहे. घरातल्या जुन्या टॅबवर लिनिएजओएस घातले तर नवे अँड्रॉइड मिळते असे मित्र म्हणतो. घालू का?

उत्तर : तुझा मित्र खरे सांगतो, पण अर्धे. लिनिएजओएस ही अँड्रॉइडवरूनच बनवलेली मोफत सिस्टम, जगभरच्या स्वयंसेवकांनी चालवलेले काम आहे आणि मला त्यांचे फार कौतुक वाटते. आधी त्यांच्या यादीत तुझे मॉडेल, अगदी शेवटच्या अक्षरापर्यंत, आहे का ते बघ. वायफायवाला आणि सिमवाला टॅब दिसायला सारखे असले तरी आतून वेगळे असतात. यादीत नसेल तर कुठल्या तरी चॅनेलवरची फाइल घालू नकोस. असेल तर बूटलोडर, म्हणजे टॅब सुरू होताना कोणती सिस्टम चालवायची ते ठरवणारे कुलूप, उघडावे लागेल, तेव्हा टॅबमधले सगळे पुसले जाते. त्यानंतर बँकेची ॲप्स बहुधा उघडत नाहीत आणि काही ठिकाणी सिनेमे कमी दर्जाचे दिसू लागतात. तुला शिकायचे असेल आणि टॅब घरात पडूनच असेल तर जरूर कर, याहून चांगली शाळा नाही. आजीचे फोटो त्यात असतील तर ते आधी काढ. आणि आजी रोज तोच टॅब वापरत असेल तर हात लावू नकोस.