शंभर मैलांचा एकांत आणि एक जुना रेडिओ

प्रश्न : रोलिंग स्टोन्स हा ब्रिटिश रॉक बँड म्हटला की इलेक्ट्रिक गिटारींचा गदारोळ आणि भरलेली मैदाने डोळ्यांपुढे येतात. त्यांच्या २०२३ च्या ‘हॅकनी डायमंड्स’ या अल्बममधील ‘ड्रीमी स्काइज’ हे गाणे मात्र चक्क कंट्री, म्हणजे अमेरिकी ग्रामीण संगीताच्या वळणाचे असून त्यात माणसांपासून दूर, आडरानात राहण्याची ओढ आहे. ही ओढ खरी मानावी की सोंग? — एक वाचक, मिरज

उत्तर : आपली शंका रास्त आहे, कारण असे सोंग या मंडळींनी पूर्वी उघडपणे वठवले आहे. १९७८ च्या ‘फार अवे आइज’ या त्यांच्या गाण्यात नायक कॅलिफोर्नियातील बेकर्सफील्ड गावातून गाडी हाकताना रेडिओवरची ख्रिस्ती भक्तिगीते ऐकतो आणि ते सांगताना बँडचे गायक मिक जॅगर अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांचा हेल इतका ताणतात, की थट्टा लपत नाही. ‘ड्रीमी स्काइज’मध्येही रेडिओ आहेच. शंभर मैलांत माणूस नाही. सोबतीला फक्त जुना एएम रेडिओ आणि त्यावर कंट्री गायक हँक विल्यम्सची गाणी. हा तपशील अचूक आहे. आपण ज्यांना मीडियम वेव्ह म्हणत आलो, त्या लहरी रात्री वातावरणाच्या वरच्या थरांवरून परावर्तित होऊन शेकडो मैल पोचतात. लांबचे आकाशवाणी केंद्र रात्री खरखरत लागल्याचे ज्यांना आठवते, त्यांना हे समजावून सांगायला नको. शिवाय हँक विल्यम्स १ जानेवारी १९५३ रोजी, अवघ्या २९ व्या वर्षी वारले, तेव्हा जॅगर नऊ वर्षांचे होते. म्हणजे एकांतात ऐकू येतो तो आवाजही त्यांच्या बालपणाइतकाच जुना आहे. या वेळी हेल ताणलेला नाही. स्लाइड गिटार आणि हार्मोनिका यांना ऐसपैस जागा दिली आहे आणि गाणे कुठेही घाई करत नाही.

मात्र याला वानप्रस्थ समजण्याचे कारण नाही. हास्यविनोद, स्त्रिया, मद्य हे सारे आपल्याला आवडते, अशी कबुली गाणारा स्वतःच देऊन टाकतो (हीच ओळ मला सर्वांत प्रामाणिक वाटते). त्याला हवी आहे ती चार दिवसांची रजा. अल्बम आला तेव्हा जॅगर यांनी ऐंशी पूर्ण केली होती, आणि पुढच्याच एप्रिलमध्ये ते ह्यूस्टनच्या स्टेडियममध्ये दौऱ्याचा पहिला कार्यक्रम करत होते.