तुमचे प्रश्न, आमची उत्तरे : सायकलचा पुढचा लाईट

गळीत हंगाम सुरू झाल्यापासून सांगली, मिरज, तासगाव भागातून रात्रीच्या सायकलप्रवासाबद्दल बरीच पत्रं आली. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, कडेला दिवे नाहीत आणि खिशाला परवडेल असा चार्जिंगचा लाईट हवा, असा बहुतेकांचा सूर आहे. त्यातले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

कुपवाड एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला आहे. रात्री सुटून कवलापूरला सायकलने येतो, अंधारातला रस्ता साधारण 40 मिनिटांचा. बजेट दीड हजार. ऑनलाईन 600 रुपयांत ‘10000 लुमेन, 6 तास’ लिहिलेला लाईट दिसतो आणि 1400 रुपयांत 400 लुमेनचा. मग महागडा कशाला घ्यायचा?
— वाचक, कवलापूर

1400 चा घ्या. पहिल्या खोक्यावरचा आकडा खोटा आहे, आणि ते कागद-पेन्सिलीने सिद्ध करता येतं.

चांगल्या एलईडीपासून, लेन्स आणि सर्किटमधली घट धरून, एका वॅटला साधारण 100 लुमेन (लुमेन म्हणजे एकूण उजेडाचं माप) मिळतात. म्हणजे 10000 लुमेनला 100 वॅट लागणार आणि 6 तासांना 600 वॅट-तास. या लाईटमध्ये सहसा 18650 नावाचा सेल असतो, 18 मिलिमीटर जाड आणि 65 मिलिमीटर लांब. त्यातला उत्तमातला उत्तम सेल 3500 एमएएचच्या आसपासचा, म्हणजे साधारण 12.5 वॅट-तासांचा. 600 ला 12.5 ने भागलं की 48 सेल येतात. एक सेल 45 ते 48 ग्रॅमचा, म्हणजे नुसत्या बॅटरीचं वजन सव्वादोन किलोच्या घरात जाईल. तळहाताएवढ्या लाईटमध्ये हे मावणं शक्यच नाही. सेलवर 9900 एमएएच छापलेलं दिसलं तर तोही लाईट बाजूला ठेवा. त्या मापाचा तसा सेल कोणीच बनवत नाही.

आता 400 लुमेनचा हिशेब. त्याला 4 वॅट लागतात. आत 2600 एमएएचचा खरा सेल असेल तर सव्वानऊ वॅट-तास मिळतात, म्हणजे पूर्ण उजेडात सुमारे सव्वादोन तास. तुमच्या 40 मिनिटांच्या रस्त्याला तीन रात्री पुरेल. तिसऱ्या रात्री घरी पोचलात की चार्जिंगला लावा, चौथ्या दिवसाची वाट पाहू नका.

400 लुमेन पुरतील का, ते तुमच्या वेगावर ठरतं. ताशी 20 किलोमीटर वेगात खड्डा दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद धरला तर सायकल 8 मीटर पुढे गेलेली असते. कोरड्या डांबरावर थांबायला आणखी चार-साडेचार मीटर लागतात. एकूण 13 मीटर. ताशी 30 ला हेच अंतर 22 मीटरवर जातं. म्हणजे सपाट रस्त्यावर ताशी 20 च्या वेगाला समोरचा 20 मीटर रस्ता नीट दिसला की काम होतं, आणि उजेड रस्त्यावरच पडत असेल तर 400 लुमेनमध्ये तो दिसतो. घाट उतरायचा असेल तर हिशेब वेगळा. सातारचा यवतेश्वर घाट अंधारात उतरणाऱ्याने 800 च्या खाली जाऊ नये आणि वेगही आवरावा.

‘उजेड रस्त्यावरच पडत असेल तर’ हे आम्ही मुद्दाम लिहिलं. स्वस्त लाईटचा गोल झोत असतो. त्यातला निम्मा उजेड झाडांच्या शेंड्यांवर आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो. जर्मनीत सायकलच्या लाईटला एसटीव्हीझेडओ नियम लागू आहे. त्यात झोताची वरची कड मोटारीच्या डिप्परसारखी कापलेली असते आणि सगळा उजेड रस्त्यावर वापरला जातो. तसा झोत असलेला लाईट या किमतीत मिळाला तर 200 लुमेनचाही चालेल. दुकानात तीन मीटरवरून भिंतीवर लाईट मारून पाहा. वरची कड सरळ रेषेत कापलेली दिसली तर उत्तम. मध्ये रुपयाएवढा पांढरा ठिपका आणि भोवती काळोख दिसला तर नको.

दुकानात आणखी काय पाहायचं? ‘मीडियम’ मोडमध्ये लाईट किती तास चालतो हे खोक्यावर मोडनिहाय लिहिलेलं असावं. नुसतं ‘6 तास’ हे बहुधा लुकलुकण्याच्या मोडचं असतं. पाण्यासाठी किमान आयपीएक्स4 हवं, म्हणजे सगळीकडून आलेले शिंतोडे सोसतं. जूनपासून रोज जाणार असाल तर आयपीएक्स6 घ्या. मोड बदलताना बटण दाबल्यावर मध्येच लाईट पूर्ण बंद होत असेल तर तो घेऊ नका, कारण खड्ड्याच्या तोंडाशी दोन सेकंदांचा अंधारही महागात पडतो. सेल बदलता येतो का, हे विचाराच.

शेवटचं, हँडल. लाईटचा क्लँप त्याच्या नळीच्या मापाला बसायला हवा. नव्या सायकलींची नळी मध्यभागी 25.4 किंवा 31.8 मिलिमीटरची असते, पकडीजवळ 22.2. जुन्या दांडीच्या ब्रेकच्या सायकलीवर ब्रेकच्या दांड्या क्लँपच्या आड येतात, तिथे हँडलच्या दांड्यापुढच्या लोखंडी दिवापट्टीवरच लाईट बसवावा लागतो. आणि डब्याची पिशवी हँडलला अडकवत असाल तर ती कॅरिअरवर बांधा. पिशवी झोतापुढे आली की निम्मा रस्ता काळा होतो.

समोरून येणारे मोटारसायकलवाले माझ्या लाईटवर ओरडतात. वाकवून खाली केला तर मला पुढचं दिसत नाही. नेमका कुठे लावू?
— वाचक, पलूस

भिंतीवर मोजून लावा, अंदाजाने नको. सपाट जागी सायकल भिंतीपासून 5 मीटरवर उभी करा. लाईटची जमिनीपासूनची उंची मोजा, समजा 1 मीटर. भिंतीवर त्याच्या निम्म्यावर, म्हणजे 50 सेंटिमीटरवर खडूने रेघ ओढा. कोणीतरी सीटवर बसलेलं असावं, कारण वजनाने सायकल बसते आणि झोत हलतो. झोताचा सर्वात उजळ भाग त्या रेघेवर आणा. आता तो रस्त्यावर तुमच्यापुढे 10 मीटरवर पडेल आणि त्याच्या कडेचा उजेड वीस-पंचवीस मीटरपर्यंत जाईल. मग क्लँप घट्ट करा आणि हँडलवर क्लँपच्या जागी लाल खुणेचा ठिपका काढून ठेवा.

रबरी पट्टा असेल तर खड्ड्यांत लाईट हळूहळू खाली किंवा वर फिरतो, आणि ते तुमच्या लक्षातही येत नाही. जुन्या ट्यूबची दोन इंच पट्टी क्लँपखाली गुंडाळली की फिरणं थांबतं. उन्हाने पट्ट्याला भेगा पडल्या असतील तर तो बदला. भेग पडलेला पट्टा एक दिवस तुटतो आणि लाईट चाकाखाली जातो.

कापलेल्या कडेच्या झोताबद्दल एक सावधगिरी ऊसपट्ट्यात ठेवायलाच हवी. उसाची ट्रॉली भरली की मोळ्यांची टोकं मागे छातीच्या उंचीला बाहेर आलेली असतात. झोत रस्त्यावर असल्याने तुम्हाला ट्रॉलीची चाकं दिसतात, टोकं दिसत नाहीत. पुढे ट्रॉली आहे असं वाटलं की वेग कमी करा आणि चाकांपासून किमान सहा-सात मीटर मागे राहा. हेल्मेट वापरत असाल तर त्यावर 50-100 लुमेनचा छोटा लाईट लावावा. मान वर केली की टोकं दिसतात, आणि समोरून गाडी आली की मान खाली करता येते.

नवीन लाईट टाइप-सी आहे. मोबाईलच्या चार्जरला लावला तर काहीच होत नाही. बिघडलेला मिळाला का?
— विद्यार्थिनी, मिरज

बहुधा नाही. तुमच्या चार्जरच्या केबलच्या दोन्ही टोकांना टाइप-सी असणार. अशा केबलमध्ये समोर यंत्र आहे हे चार्जरला कळायला लाईटच्या आत 5.1 किलोओहमचे दोन रोध (रेझिस्टर) लागतात. स्वस्त लाईटमध्ये दोन-चार पैसे वाचवायला ते घातलेले नसतात, मग चार्जर वीज सोडतच नाही. एका टोकाला जुना चपटा यूएसबी-ए आणि दुसऱ्या टोकाला टाइप-सी अशी केबल घ्या, साध्या 5 व्होल्ट 1 अँपिअरच्या चार्जरला लावा, चार्ज होईल. तरीही झाला नाही तर परत करा.

पावसात भिजलेला लाईट लगेच चार्जिंगला लावायचा नाही. रबरी झाकण उघडं ठेवून पोर्ट खाली तोंड करून रात्रभर ठेवा. ओल्या पोर्टला वीज दिली की पिना हिरव्या पडतात. तशा पडल्याच तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेला मऊ ब्रश फिरवा, आधी लाईट बंद करून. तांदळात ठेवू नका, पिठाची धूळ पोर्टमध्ये जाते.

पहाटे हरिपूरकडून सांगलीला येताना नदीकाठी धुकं असतं. लाईट लावला की समोर पांढरी भिंत दिसते. पिवळा लाईट घ्यावा का?
— वाचक, हरिपूर

रंगाने फारसा फरक पडत नाही. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या लहरीपेक्षा कितीतरी मोठे असतात, त्यामुळे पिवळा आणि पांढरा उजेड जवळपास सारखाच विखुरतो. फरक पडतो तो लाईटच्या जागेने. तो डोळ्यांच्या जितका जवळ, तितका परत आलेला उजेड डोळ्यांत जास्त. म्हणून धुक्यात हेल्मेटचा लाईट बंद करा, हँडलवरचा सर्वात कमी मोडवर आणा आणि झोत पाच-सहा मीटरवर पाडा. कायमच धुक्यातून जायचं असेल तर लाईट फोर्कच्या वरच्या टोकाला, चाकाच्या मडगार्डजवळ बसवा. मागचा लाईट मात्र चालू हवाच.

लाईट पूर्वी तीन तास चालायचा, आता 40 मिनिटांत मंद होतो. सेल बदलता येईल?
— वाचक, विटा

आधी तो खरोखर खराब झाला आहे का ते पाहा. लाईट बंद पडेपर्यंत वापरा, मग चार्जर आणि केबलच्या मध्ये यूएसबी मीटर (किती एमएएच गेले ते दाखवणारं छोटं यंत्र) लावून पूर्ण चार्ज करा. बऱ्याच स्वस्त लाईटमध्ये साधं चार्जिंग सर्किट असतं, त्यामुळे मीटरवर आलेले एमएएच हीच साधारण सेलची शिल्लक ताकद. 2600 च्या जागी 700-800 आले तर सेल संपला. 2000 च्या पुढे आले तर दोष दुसरीकडे आहे. एक नेहमीचं कारण उष्णता. उभ्या सायकलीवर हवा लागत नाही, लाईट तापतो आणि सर्किट स्वतःहून उजेड कमी करतं. घरात मेजावर चाचणी घेतली तर असंच होतं, म्हणून समोर पंखा ठेवून पुन्हा पाहा.

सेल संपला असेल तर झाकण उघडा. आत स्प्रिंग असेल तर काम सोपं. सेलची दिशा मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा, उलटा बसला तर सर्किट जळतं. नवा सेल आणताना लांबी मोजा. ‘प्रोटेक्टेड’ सेल 68 ते 70 मिलिमीटर लांब असतो आणि 65 च्या जागेत मावत नाही. जोर लावून बसवला तर स्प्रिंग चेपते आणि गचक्यात लाईट बंद पडतो. सपाट डोक्याचा की उंचवट्याचा, तेही जुन्याशी जुळवा. चांगला सेल तीनशे-चारशेच्या आसपास मिळतो. शंभर रुपयांचा मिळत असेल तर तो बहुधा जुन्या लॅपटॉपमधून काढून नवं वेष्टन चढवलेला असतो. काट्यावर ठेवा, 40 ग्रॅमच्या खाली भरला तर घेऊ नका.

सेल धातूच्या पातळ पत्रीने जोडलेला असेल तर घरी सोल्डरिंग करू नका. सेलच्या टोकाला तापलेली सळई लागली की आतलं वेष्टन वितळतं, शॉर्ट होतो आणि पेट घेऊ शकतो. ड्रिल मशीन किंवा ई-बाईकच्या बॅटरी दुरुस्त करणाऱ्यांकडे स्पॉट वेल्डिंग असतं, त्यांच्याकडून पत्री मारून घ्या. दोन सेल असतील तर दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच वेळी बदला.

आत गोल सेलऐवजी चपटी पिशवीसारखी बॅटरी असेल आणि ती फुगली असेल तर लाईट वापरणं त्याच क्षणी थांबवा. दाबू नका, टोचू नका. तारांच्या टोकांना वेगवेगळी चिकटपट्टी लावा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या, घंटागाडीत टाकू नका. कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली तर आग लागते.

नवा सेल जास्त दिवस टिकावा यासाठी एकच सवय पुरे: लाईट उन्हात लावलेल्या सायकलीवर सोडू नका. महिनाभर वापरायचा नसेल तर निम्मा चार्ज करून ठेवा, पूर्ण भरून नको.

पुढचा लाईट लुकलुकता ठेवला तर बॅटरी वाचते. चालेल का? आणि मागचा घ्यायलाच हवा?
— वाचक, तासगाव

दिवसा लुकलुकता ठेवा. अंधारात नको. समोरच्याला तुमचं अंतर कळत नाही आणि तुम्हालाही खड्डा तुकड्यातुकड्यांत दिसतो. बॅटरी वाचवायची तर स्थिर कमी मोड वापरा.

मागचा घ्यायलाच हवा, आणि पैसे कमी असतील तर पुढचा दोनशे रुपयांनी स्वस्त घेऊन मागचा घ्या. मागून येणाऱ्या गाडीला तुम्ही दिसणं हे तुमच्या हातात नसतं, लाईटच्या हातात असतं. तो सीटच्या दांड्यावर लावा. कॅरिअरवर पोतं किंवा दुधाचा कॅन असेल तर लाईट आडोशाला जातो, तेव्हा कॅरिअरच्या मागच्या टोकाला बांधा. त्याखाली लाल परावर्तक पट्टी मडगार्डवर चिकटवा आणि दर आठवड्याला चिखल पुसा.