फलंदाजाचा अंदाज

प्रश्न असा: ‘एका बातमीत अमेरिकेतल्या बेसबॉल फलंदाजाची सरासरी “०.३०० धावा” अशी दिली होती आणि पुढे त्याला उत्तम खेळाडू म्हटलं होतं. एक धावही धड न काढणारा माणूस उत्तम कसा? आणि बेसबॉलमध्ये फलंदाज हा शब्द मुळात चालतो का?’

पहिल्या भागाचं उत्तर एका शब्दात देता येतं: धावा नाहीत. हे ‘०.३०० धावा’ प्रकरण मी इतक्या ठिकाणी वाचलं आहे की चिडायचाही कंटाळा यावा, पण येत नाही. बेसबॉलचं बॅटिंग ॲव्हरेज म्हणजे हिटची संख्या भागिले ॲट-बॅट, म्हणजे फलंदाजाच्या हिशेबात धरलेल्या संधी. फटका मारून सुखरूप बेस, म्हणजे मैदानातला ठरलेला थांबा, गाठला की एक हिट. दहा ॲट-बॅटमध्ये तीनदा हे जमलं की ०.३००. तिकडे शून्य आणि दशांशचिन्ह गिळून नुसतं ‘थ्री हंड्रेड’ म्हणतात, त्यामुळे ‘तीनशेची सरासरी’ असंही कुणीतरी छापतंच. तेही चूक. आपण ‘गाडीचं ॲव्हरेज किती?’ असं विचारतो तेव्हा लिटरमागे किलोमीटर विचारतो ना, तसलं हे ॲव्हरेज: संधीमागे हिट. क्रिकेटमध्ये धावांना बाद होण्याच्या संख्येने भागतात, म्हणून ब्रॅडमनची ९९.९४ येते. दोन्हींचा अंशही वेगळा आणि छेदही वेगळा.

ॲव्हरेज या शब्दाचं जहाजातल्या नुकसानभरपाईपासूनचं कूळ सगळीकडे सांगून झालं आहे, ‘सरासरी’च्या फारसी ‘सरासर’चंही. ते सोडतो. खरी गंमत दुसऱ्या प्रश्नात आहे.

फलंदाज हा शब्द आपण ‘गोलंदाज’वरून बेतला. गोलंदाज क्रिकेटच्या कितीतरी आधीचा, तोफखान्यातला. गोळा डागणारा तो गोलंदाज, तीर सोडणारा तो तिरंदाज. यातला ‘अंदाज’ फारसी ‘अंदाख्तन’ म्हणजे फेकणे या क्रियापदातला. त्याला आपली फळी जोडली आणि फलंदाज झाला. शब्दशः अर्थ घेतला तर फळी फेकणारा! यावर शुद्धिप्रेमी मंडळी हमखास एक शोध ऐकवतात, की इथे फल म्हणजे फळ, जो संघाला फल देतो तो फलंदाज. मग ‘अंदाज’चं काय करायचं, हे ते सांगत नाहीत. शून्यावर बाद होणाऱ्यालाही आपण फलंदाजच म्हणतो, एवढं एक उदाहरण त्या व्युत्पत्तीला पुरे.

आता पाहा, क्रिकेटमध्ये फळी फेकली तर पंच डोळे वटारतील. गोलंदाजाने चेंडू ‘फेकला’, म्हणजे टाकताना कोपर १५ अंशांहून जास्त सरळ केलं, तर तो नियमभंग. याउलट बेसबॉलचा पिचर चेंडू खरोखर फेकतो आणि हिटर चेंडू टोलवला की बॅट टाकून बेसकडे पळतो. २०१५च्या प्लेऑफमध्ये टोरोंटोच्या होझे बाउटिस्टाने होम रन (सगळे बेस पार करून देणारा फटका) मारून बॅट अशी काही भिरकावली की अमेरिकेत त्यावर कित्येक दिवस वाद चालले होते. माझं मत स्पष्ट आहे: गोलंदाज आणि फलंदाज हे शब्द अर्थाने बेसबॉलचेच आहेत, क्रिकेटने ते उसने घेतले आहेत. इतिहास अर्थातच उलटा आहे, पण शब्दांना इतिहास कुठे वाचता येतो!

आणि याहून मोठी गोष्ट पुढे आहे. मराठीत अंदाज म्हणजे अटकळ, मोजमापाशिवाय केलेलं माप. हा फारसी ‘अंदाजा’, म्हणजे माप. याच ‘अंदाजा’वरून अरबीत ‘हंदसा’ म्हणजे भूमिती झाली आणि ‘मुहंदिस’ म्हणजे इंजिनीअर झाला. पुष्कळजण फेकण्याचा अंदाज आणि मापाचा अंदाज हे दोन वेगळे शब्द धरतात, दोन नोंदी करतात, मोकळे होतात. पण जुन्या पहलवी भाषेत ‘हंदाख्तन’ म्हणजे मनाशी मोजणे, विचार करून ठरवणे. आधी नेम मोजायचा, मग फेकायचं. मोजण्यातूनच फेकणं आलं. तेव्हा फलंदाज आणि त्याच्या कामगिरीचा अंदाज हे एकाच घरातले शब्द आहेत, असं मी मानतो आणि मानत राहीन.

तर हा अंदाज बांधायचा कसा, यावर अमेरिकेत दीडशे वर्षं भांडण चालू आहे. सुरुवात केली हेन्री चॅडविकने. जन्म १८२४चा, इंग्लंडमधल्या एक्सेटरचा, लहानपणीच ब्रुकलिनला आलेला, वार्ताहर म्हणून आधी क्रिकेटवर लिहिणारा. क्रिकेटचं धावफलकाचं वळण त्यानेच बेसबॉलमध्ये नेलं. वॉक, म्हणजे पिचरने वाईट चेंडू टाकल्यामुळे मिळालेला बेस, यात हिटरचं काहीच कर्तृत्व नाही अशी त्याची ठाम समजूत. ती समजूत सरासरीत मुरली. मध्ये १८८७ साली वॉकलाही हिट धरून पाहिलं, तर सेंट लुइसच्या टिप ओ’नीलची सरासरी ०.४९२ झाली. तो नियम वर्षभरात गुंडाळला आणि पुढे त्याची सरासरी ०.४३५वर आणून ठेवली. माणूस तोच, फटके तेच!

बॅटिंग ॲव्हरेजचे दोष दोन. वॉक तिला दिसत नाही, आणि एका बेसचा सिंगल व चार बेसचा होम रन तिच्या लेखी सारखेच. यावर दोन उतारे निघाले. ऑन-बेस पर्सेंटेजमध्ये हिट, वॉक आणि चेंडू अंगावर लागून मिळालेला बेस हे तिन्ही धरतात. स्लगिंगमध्ये सिंगलला १, डबलला २, ट्रिपलला ३ आणि होम रनला ४ गुण देऊन बेरजेला ॲट-बॅटने भागतात. या दोन्हींना आपले लोक टक्केवारी म्हणतात. अहो, स्लगिंग चारपर्यंत जाऊ शकतं, ती कसली टक्केवारी? अमेरिकनांनी पर्सेंटेज म्हटलं म्हणून आपणही म्हणायचं असं नाही. (क्रिकेटचा स्लॉग आणि हा स्लग एकाच बोलीतले जुळे भाऊ दिसतात, पण तो विषय काढला तर रात्र होईल.)

पुढे या दोन्हींची सरळ बेरीज करून ओपीएस, म्हणजे ऑन-बेस प्लस स्लगिंग, बनवला. वेगवेगळ्या छेदांच्या अपूर्णांकांची अशी बेरीज पाचवीच्या मुलाने केली तर गुरुजी कान धरतील. तरी ती बऱ्यापैकी चालते, हेच आश्चर्य.

किती चालते, ते २००४ सालात पाहा. सिॲटलच्या इचिरो सुझुकीने त्या मोसमात २६२ हिट मारले. जॉर्ज सिसलरचा १९२०पासूनचा २५७चा विक्रम मोडला. सरासरी ०.३७२. सॅन फ्रान्सिस्कोच्या बॅरी बॉन्ड्सची ०.३६२. सरासरीवाल्यांच्या हिशेबाने इचिरो सरस. पण बॉन्ड्सला २३२ वॉक मिळाले होते, त्यातले १२० तर पिचरने जाणूनबुजून दिलेले, कारण त्याला चेंडू टाकायची कुणाची छाती नव्हती. त्याचा ऑन-बेस ०.६०९, स्लगिंग ०.८१२, इचिरोचे ०.४१४ आणि ०.४५५. ओपीएस १.४२२ विरुद्ध ०.८६९. बॉन्ड्सने ताकद वाढवणारी औषधं घेतल्याचा वाद वेगळा, तो आकड्यांनी सुटणार नाही. पण चॅडविकचा आकडा या दोघांतला फरक उलटा दाखवतो, एवढं दिसल्यावरही कुणी ‘सरासरीच खरी’ म्हणत असेल तर त्याच्याशी काय बोलायचं?

ओपीएसही शेवटचा शब्द नव्हे. स्लगिंग होम रनला सिंगलच्या चौपट मोल देतं. धावांच्या हिशेबात ते साधारण तिप्पट भरतं. पीट पामरसारख्या संख्याशास्त्र्यांनी प्रत्येक फटका सरासरीने किती धावा घडवतो हे हजारो सामन्यांवरून काढलं, आणि आजचे वोबा, डब्ल्यूआरसी प्लस हे फटक्यांना धावांत तोलणारे आकडे त्याच वाटेने आले. ‘प्लस’वाल्या आकड्यांत मैदानाचाही विचार होतो. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून सुमारे १६०० मीटर उंचीवर, तिथल्या विरळ हवेत चेंडू लांब जातो, म्हणून तिथल्या हिटरचं तेवढं श्रेय कापून घेतात. मग लीगचा सर्वसाधारण हिटर १००वर बसवतात. ओपीएस प्लसमध्ये इचिरोचं २००४ साल १३०चं, बॉन्ड्सचं २६३चं.

म्हणजे सरासरी हा शब्द वापरायचाच असेल तर तो या १००साठी राखून ठेवा. ०.३००ला मी ‘हिटचं प्रमाण’ म्हणेन. आणि फलंदाज बेधडक म्हणा.