दीड लाखात जुनी सीएनजी गाडी

प्रश्न : बजेट दीड लाख. २०१३ची सीएनजी वॅगन-आर पाहून ठेवली आहे. घेऊ का? – एक वाचक, सांगली

उत्तर : आधी वीस-पंचवीस हजार टायर, बॅटरी आणि सस्पेन्शनसाठी बाजूला काढा. गाडी बघायला सकाळी जा आणि इंजिन थंडच ठेवायला सांगा. सुरू करताना निळा धूर आला तर ऑइल जळतंय. गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल आणि कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) घटत असेल, तर हेड गॅस्केट (इंजिनच्या दोन भागांमधलं सील) फुटल्याचा संशय घ्या. अशी गाडी कितीही स्वस्त असो, नको. तुमच्याकडे २०१९ आणि २०२१चा पूर आठवत असेलच, म्हणून सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून चिखलाचे डाग बघा.

सीएनजी टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने होणारी तपासणी) दर तीन वर्षांनी लागते. तारीख तपासा, आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) सीएनजीची नोंदही हवी. आरसीवर कर्ज देणाऱ्या बँकेचं नाव असेल तर बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि फॉर्म ३५ (कर्जाची नोंद काढण्याचा अर्ज) मिळेपर्यंत पैसे देऊ नका. फॉर्म २९ आणि ३०वर, म्हणजे मालकी बदलाच्या कागदांवर, विकणाऱ्याच्या सह्या घ्या.

आणि हो, नोंदणी १५ वर्षांची, म्हणजे २०२८ला संपेल. पुढे फेरनोंदणी आणि पर्यावरण कर आहे. तेवढी किंमत घासाघीस करून कमी करा.