घोडेस्वारी नुकतीच शिकायला लागलोय, रेस बघायलाही आवडते, कोणती पुस्तकं वाचू? इंग्रजी चालतील.

रायडिंग आणि रेस दोन्ही विचारलंय तर आधी लॉरा हिलेनब्रँडचं सीबिस्किट घ्या. २००१ चं आहे, पिक्चर बघितला असेल तरी घ्या, कारण जॉकी लोकांचे हाल पिक्चरमध्ये निम्मेसुद्धा आलेले नाहीत. १९३० च्या दशकातली अमेरिका, वजन उतरवायला पोरं रबरी सूट घालून उन्हात पळायची, जुलाबाची औषधं घ्यायची, आणि तशीच उपाशीपोटी रेसला बसायची. सीबिस्किट या घोड्याचा जॉकी रेड पोलार्ड, त्याला एका डोळ्याने दिसायचं नाही आणि हे त्याने लपवून ठेवलेलं, कळलं असतं तर धंदाच बंद.

त्यातला वॉर ॲडमिरलबरोबरच्या रेसचा भाग मी कितीतरी वेळा वाचलाय. १ नोव्हेंबर १९३८, अमेरिकेतलं पिमलिको रेसकोर्स, दोनच घोडे. ॲडमिरल हा मॅन ओ' वॉर या गाजलेल्या घोड्याचा मुलगा आणि सीबिस्किट त्याचाच नातू, म्हणजे काका-पुतण्याचीच लढत. ॲडमिरल सुटतानाच पुढे जाणार असं सगळे धरून चाललेले, म्हणून ट्रेनर टॉम स्मिथने सीबिस्किटला घंटा वाजली की झेप घ्यायची सवय लावली. पोलार्डचा पाय मोडलेला, त्याच्या जागी जॉर्ज वुल्फ बसणार, आणि पोलार्ड त्याला सांगतो की पुढे गेलास तरी मधे जरा ढील दे, ॲडमिरलला बरोबरीला येऊ दे, तो शेजारी दिसला की आपला घोडा बघ कसा पळतो ते. हातात आलेली आघाडी सोडून द्यायची! वुल्फने ऐकलं आणि सीबिस्किट चार लेंग्थनी, म्हणजे चार घोड्यांच्या लांबीने, जिंकला. घोड्याच्या डोक्यात काय चाललंय ते वाचणाऱ्याला कळलं पाहिजे, माझ्या लेखी घोड्यांवरच्या पुस्तकाची परीक्षा हीच, आणि हे पुस्तक त्यात पहिलं येतं.

रायडिंगसाठी झेनोफन वाचा. दचकू नका, ग्रीक माणूस, इ.स.पू. ३५० च्या आसपासचं लिखाण, तेव्हा रिकीब नव्हती, आपल्यासारखं खोगीर नव्हतं, तरी आज शिकणाऱ्याला जसंच्या तसं लागू पडतं. घोडा विकत घेताना आधी खूर बघा म्हणतो. रागात असताना घोड्याजवळ जायचंच नाही म्हणतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, घोडा एखाद्या वस्तूला बुजला तर मारू नका, कारण मारलं की ते दुखणं त्या वस्तूमुळेच झालं असं त्याला वाटतं आणि भीती वाढते. नवीन शिकताना घोडा साध्या प्लास्टिकच्या पिशवीला बुजतो, शेजारून कोणीतरी ओरडतं चाबूक दे, तेव्हा हे आठवा, खरंच.

कादंबरी हवी असेल तर डिक फ्रान्सिस. हा स्वतः स्टीपलचेसचा, म्हणजे अडथळ्यांवरून उड्या मारत पळायच्या रेसचा, चॅम्पियन जॉकी. १९५६ च्या ग्रँड नॅशनलला, इंग्लंडमधल्या अशाच मोठ्या रेसला, राणीच्या आईचा डेव्हन लॉक घेऊन जिंकत आला होता आणि शेवटची लाइन समोर असताना घोडा अचानक पोटावर आपटला, का ते आजपर्यंत नक्की कोणाला कळलं नाही. पुढच्याच वर्षी त्याचं आत्मचरित्र आलं, १९६२ मध्ये पहिली थ्रिलर डेड सर्ट, मग चाळीसच्या आसपास पुस्तकं. कथानकं थोडी एकसारखी वाटतील पण पडल्यावर फासळ्या कशा दुखतात, थंडीत पहाटेचा व्यायाम कसा असतो, हे त्याच्याइतकं खरं कोणी लिहीत नाही.

घरात लहान मुलं असतील तर ब्लॅक ब्यूटी, १८७७ चं, घोडाच गोष्ट सांगतो.

पैसे लावायचे कसे हे शिकवणारी पुस्तकं मात्र मी अजिबात सुचवणार नाही. त्यापेक्षा पुण्याला नाहीतर महालक्ष्मीला गेलात की रेसआधी घोडे फिरवतात त्या पॅडॉकपाशी उभे राहा, सईस (घोड्याची देखभाल करणारा) घोडे फिरवतो तेव्हा चाल बघा, घामेजलाय का, कान कुठे आहेत ते बघा.

झेनोफनची जुनी इंग्रजी भाषांतरं नेटवर फुकट आहेत, तेवढं तर आजच सुरू करता येईल. रायडिंगमध्ये दुडकीपर्यंत पोचलात की कमेंटमध्ये लिहा, जम्पिंग आणि ड्रेसाजची (घोड्याकडून शिस्तीत चाली करून घेण्याची) वेगळी पुस्तकं सांगते.