‘प्लेटॉनिक प्रेम’ आणि ‘निष्काम प्रेम’

शरीरसंबंध नसलेल्या स्त्री-पुरुष स्नेहाला ‘प्लेटॉनिक प्रेम’ म्हणतात, तर हा शब्दप्रयोग प्लेटोचाच का, आणि मराठीत त्याला ‘निष्काम प्रेम’ म्हणावे का, अशी पृच्छा आहे.

प्लेटोच्या लेखनात हा शब्दप्रयोग नाही. तो रूढ होण्याचे श्रेय इटलीतील फ्लॉरेन्सच्या मार्सिलिओ फिचिनो (१४३३–१४९९) या तत्त्वज्ञाकडे जाते. मेदिची घराण्याच्या आश्रयाने त्याने प्लेटोचे सगळे संवाद लॅटिनमध्ये आणले आणि त्यांतील ‘सिंपोझियम’ (म्हणजे मेजवानी) या प्रेमविषयक संवादावर १४६९ मध्ये भाष्य लिहिले. भाष्याची मांडणीही मेजवानीचीच आहे: प्लेटोचा जन्मदिन आणि मृत्युदिन मानल्या जाणाऱ्या ७ नोव्हेंबरला फ्लॉरेन्सजवळच्या करेज्जीच्या वाड्यात मित्रमंडळी जमते, आणि मूळ संवादातील एकेका भाषणाचा अर्थ उलगडत जाते.

फिचिनोच्या मते प्रेम म्हणजे सौंदर्याची अभिलाषा. सौंदर्याचा आस्वाद बुद्धी, दृष्टी आणि श्रवण यांनीच घेता येतो, त्यामुळे स्पर्शाच्या ओढीला तो प्रेम म्हणायलाच तयार नाही. मात्र हा निव्वळ संयमाचा उपदेश नव्हे. एका देहाच्या सौंदर्यापासून आत्म्याच्या, तेथून ज्ञानाच्या आणि अखेर निखळ सौंदर्याच्या दर्शनापर्यंत चढत जाण्याची जी वाट मूळ संवादात दिओतिमा ही ज्ञानी स्त्री सॉक्रेटिसाला सांगते, ती फिचिनोने ईश्वरापर्यंत नेली. शिवाय प्लेटोच्या संवादात मुख्यतः पुरुषांचे पुरुषांवरील प्रेम आहे, आणि फिचिनोच्या नजरेसमोरही प्रामुख्याने मित्रांमधील स्नेहच होता. इटालियन लेखक कास्तिल्योनेच्या १५२८ मधील दरबारविषयक ग्रंथात कवी पिएत्रो बेंबोच्या तोंडी हाच विचार येतो, पण तेथे प्रेमाचा विषय स्त्री झालेली असते. पुढे १६३० च्या दशकात इंग्लंडच्या राणी हेन्रिएटा मारियाच्या दरबारात त्याची फॅशन झाली. ईश्वरापर्यंतची चढण मागे पडली आणि केवळ शारीरिक अंतर उरले. आज आपण वापरतो तो अर्थ या उरलेल्या भागाचा आहे, आणि मला तो फार तोकडा वाटतो.

‘निष्काम’ हा पर्याय मला म्हणूनच पटत नाही. दिओतिमाच्या कथेत प्रेमदेव हा दारिद्र्य आणि उपायचातुर्य यांचा पुत्र आहे. जवळ नाही ते मिळवण्यासाठी तो सतत धडपडतो. ज्या प्रेमाच्या मुळाशीच कामना आहे, त्याला निष्काम म्हणणे म्हणजे त्याचा गाभाच काढून घेणे होय. रोजच्या व्यवहारातील अर्थासाठी ‘अशरीरी प्रेम’ पुरेसे आहे; फिचिनोची कल्पना सांगायची असेल तेव्हा मात्र ‘प्लेटॉनिक’ हाच शब्द ठेवावा आणि पुढे एका वाक्यात तिचा अर्थ द्यावा.