पुडिंग बेक करायचं, भाजायचं की शेकायचं?

एका वाचक ताईंनी विचारलं आहे: "सफरचंद आणि शिळ्या पावाचं पुडिंग मी घरी नेहमी करते. परगावी राहणाऱ्या मुलीसाठी कृती मराठीत लिहायला घेतली आणि 'ओव्हनमध्ये बेक करा' या वाक्याशी अडले. 'भाजा' म्हटलं की शेंगदाणे डोळ्यांसमोर येतात, 'शेका' म्हटलं की दुखरा गुडघा. एका मैत्रिणीने 'उबवा' सुचवलं. यातला बरोबर शब्द कोणता? आणि पुडिंगला मराठीत काय म्हणावं?"

ताई, 'भाजणे' अगदी बरोबर आहे. पण तुम्हाला तो शब्द खटकला, तेही बरोबर आहे. तुमचं पुडिंग ओव्हनमध्ये असताना नुसतं भाजलं जात नाही, म्हणून एकटं 'भाजा' तिथे पुरत नाही.

आधी भाजण्याबद्दलची शंका दूर करू. भाजणं म्हणजे उघड्या आचेवर किंवा कोरड्या कढईत करायची गोष्ट, असं आपल्याला वाटतं खरं. पण मराठीत विटा भाजतात, मडकी भाजतात, आणि ती चारही बाजूंनी बंद भट्टीत भाजतात. कच्ची वीट आणि पक्की भाजलेली वीट हा फरक सांगायला आपल्याला दुसरं क्रियापद लागत नाही. तेव्हा बंद जागेत, सगळीकडून लागणाऱ्या कोरड्या उष्णतेने पदार्थ तयार करणं 'भाजणे' या शब्दात पूर्वीपासूनच आहे. ओव्हन ही शेवटी छोटी भट्टीच. गंमत म्हणजे 'भाजणे' आणि 'भट्टी' हे दोन्ही शब्द एकाच घरातले आहेत. संस्कृतात 'भ्रस्ज्' हा भाजणे या अर्थाचा धातू आहे. 'भर्जन' म्हणजे भाजणं, आणि भाजायचं पात्र ते 'भ्राष्ट्र'. 'भाजणे' याच धातूच्या वंशातलं, आणि 'भ्राष्ट्र'चं प्राकृतात 'भट्ठ' होत होत आपल्याकडे 'भट्टी' आली. भट्टीत भाजणं याहून नैसर्गिक जोडी सापडणार नाही.

'भाजणे'ची आणखी एक सोय मला फार आवडते. ते सकर्मक आहे आणि अकर्मकही. 'मी कणीस भाजलं' आणि 'कणीस छान भाजलंय', दोन्हीकडे तोच शब्द. 'बेक'ला मात्र दर वेळी 'करणे' किंवा 'होणे' यांचा हात धरावा लागतो: बेक केलं, बेक झालं, अजून बेक व्हायचंय. तीन-चार ओळींच्या कृतीत 'करा, करा, करा' असा ठेका बसतो आणि वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

'शेकणे'चं काम वेगळं. शेक दुरून लागतो आणि बेताचा असतो. शेकोटीपाशी हात शेकतो, तेव्हा हात भाजायचा नसतो. पुडिंग ४० मिनिटं नुसतं शेकलं तर ते कोमट होईल, तयार होणार नाही. हा शब्द एका जागी मात्र चपखल बसतो. पाव फारच ताजा आणि मऊ असेल तर त्याचे तुकडे मंद ओव्हनमध्ये दहा मिनिटं ठेवतात. रंग येऊ द्यायचा नसतो, फक्त ओल काढायची असते. तिथे 'शेकून घ्या' लिहा. 'उबवणे' मात्र नको. अंडी उबवतात ती पिल्लं बाहेर यावीत म्हणून, आणि दमट जागी ठेवलेलं धान्य उबतं म्हणजे बिघडतं. दोन्ही अर्थ पुडिंगपासून लांब राहिलेले बरे.

आता तुमच्या खटकण्याकडे येते. ते मला पटलं, कारण ही चूक मी स्वतः केली आहे. बहिणीला हीच कृती मी फोनवर सांगितली होती: "पाव, सफरचंद, दूध, अंडी, साखर सगळं एकत्र कर आणि चाळीस मिनिटं बेक कर." तिने तंतोतंत तसंच केलं. वरचे पावाचे तुकडे टोस्टसारखे कडक झाले, मधले कोरडे राहिले आणि तळाशी दूध-अंड्याचा वेगळाच थर जमला. दोष तिच्या हाताचा नव्हता. एका 'बेक कर'मध्ये मी तीन-चार कामं कोंबली होती आणि त्यातलं पहिलं, पाव मुरू देणं, सांगितलंच नव्हतं.

'बेक' हा शब्द साधन सांगतो: पदार्थ ओव्हनमध्ये आहे. मराठी क्रियापदं पदार्थाचं काय होतंय ते सांगतात. या पुडिंगमध्ये एकाच भांड्यात एकाच वेळी वेगवेगळ्या गोष्टी होत असतात, आणि त्या प्रत्येकीला आपल्याकडे शब्द आहे.

पहिला, मुरणे. पावाच्या तुकड्यांवर दूध-अंड्याचं मिश्रण ओतलं की ते आत शिरायला वेळ लागतो. 'भिजणे' इथे अपुरं पडतं. भिजतं ते वरवरही भिजू शकतं. मुरतं ते आतपर्यंत जातं आणि तिथेच राहतं. म्हणून पाणी जमिनीत मुरतं, आणि 'कुठेतरी पाणी मुरतंय' असं म्हणताना आत काहीतरी दडल्याचा संशय असतो. २० ते ३० मिनिटं मुरल्यावर तुकडा बोटांत दाबून बघा. मधोमध कोरडी, पांढरी गाठ लागली नाही म्हणजे तो मुरला.

मुरायला शिळा पाव लागतो, आणि या 'शिळा' शब्दापाशी मला थोडं थांबायचं आहे. तो संस्कृत 'शीतल'पासून आला आहे. मूळ अर्थ निव्वळ थंड. थंड झालेलं अन्न ते शिळं, असा अर्थ पुढे सरकला. पावाच्या बाबतीत हा जुना अर्थ अजून खरा ठरतो. पाव शिळा होतो तो केवळ पाणी उडून गेल्याने नव्हे. भाजताना सैल झालेले पिठातले स्टार्चचे कण थंड होताना पुन्हा घट्ट रचले जातात, आणि हे फ्रिजच्या तापमानाला सर्वांत वेगाने होतं. म्हणून फ्रिजमध्ये ठेवलेला पाव बाहेरच्या पावापेक्षा लवकर शिळा होतो. ताजा पाव दुधात विरघळून त्याचा लगदा होतो. शिळा आपला आकार धरून दूध पितो. कृतीत 'शिळा' हा शब्द संकोच न करता लिहा. 'एक दिवसाचा पाव', 'थोडा कडक पाव' अशी सारवासारव नको.

दुसरा, शिजणे. मुरलेल्या पावात आणि फळात भरपूर पाणी असतं. ओव्हन १८० अंश सेल्सिअसवर असला तरी पाणी आहे तोवर आतला भाग १०० अंशांच्या वर जाऊ शकत नाही. म्हणजे आत जे होतं ते भाजणं नव्हेच, शिजणं आहे. तुम्हाला 'भाजा' कोरडं वाटलं ते याचमुळे. तुमच्या कानाने पदार्थविज्ञान बरोबर ओळखलं. सफरचंदाच्या फोडी शिजतात आणि त्यांना पाणी सुटतं. हा 'सुटणे'ही बघा. फळ पाणी 'सोडतं' असंही म्हणता येतं, पण पाणी 'सुटतं' म्हणताना ते आपोआप, आवरत नसल्यासारखं बाहेर येतं. तोंडाला सुटतं ते असंच.

तिसरा, आळणे. हा शब्द हल्ली कमी ऐकू येतो याचं मला वाईट वाटतं, कारण त्याची जागा दुसरा शब्द घेऊ शकत नाही. पातळ मिश्रण उष्णतेने दाट होत होत धरू लागतं ते आळणं. थंडीने घट्ट होतं ते थिजणं किंवा गोठणं. खोबरेल तेल थिजतं, पाणी गोठतं, पण दूध-अंड्याचं मिश्रण आळतं. साधारण ८० ते ८५ अंशांना अंड्यातली प्रथिनं एकमेकांत गुंतून जाळं तयार करतात आणि दूध त्यात अडकतं. त्याच्या फार पुढे गेलं की जाळं आकसतं, पाणी वेगळं होतं आणि पुडिंग फाटतं. 'सेट होणे' आळण्यालाही वापरतात आणि थिजण्यालाही. आचेवर ठेवायचं की फ्रिजमध्ये, एवढा मोठा फरक त्यात पुसला जातो.

चौथं आपलं भाजणं. ते होतं फक्त वरच्या थरात. जे तुकडे मिश्रणातून डोकं वर काढून बसलेले असतात त्यांच्यातलं पाणी उडून जातं, त्यांचा पृष्ठभाग १४० अंशांच्या आसपास पोचतो आणि मग रंग नि वास येऊ लागतो. साखर आणि प्रथिनं यांच्यातल्या या क्रियेचं वर्णन लुई कामी मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये केलं, म्हणून ती मायार क्रिया. मराठी स्वयंपाकघरात तिच्या परिणामाला एकच शब्द आहे: खरपूस. याला 'क्रिस्पी' किंवा 'कुरकुरीत' म्हणू नका. कुरकुरीत हा दातांखालचा आवाज आहे. खरपूस म्हणजे तांबूस रंग, भाजका वास आणि किंचित कडवटपणाच्या काठावरची चव, सगळं एकदम. समाचारही खरपूसच घेतात, कुरकुरीत घेत नाहीत. खरपूसच्या एक पाऊल पुढे करपणं. आणि तळाला चिकटून जळलं तर ते करपलं असं न म्हणता 'खाली लागलं' म्हणतात. कुठे बिघडलं तेही त्यातच कळतं.

झालं की नाही हे कसं ओळखायचं, त्यालाही शब्द आहेत. ३५ व्या मिनिटाला ओव्हन उघडून भांडं हलकेच हलवा. कडेने सफरचंदाचा रस बुडबुडत असतो, वरचे कोपरे तांबूस झालेले असतात. मध्यभाग हिंदकळला तर आत अजून पातळ आहे. थरथरला तर आळलंय, काढा. अजिबात हललाच नाही तर उशीर झाला. 'हिंदकळणे' आणि 'थरथरणे' यांतला फरक मुलीला फोनवर सांगितलात तरी पुरे, सुरी खुपसून बघायची गरज उरणार नाही.

आता नावाचं. पुडिंगला मराठी शब्द घडवू नये असं मला वाटतं. क्रियापदं आपली आहेत, ती टाकून उसनी घेऊ नयेत. पण नवा पदार्थ आपलं नाव घेऊन आला तर ते राहू द्यावं. तुमच्या कृतीतलंच बघा. 'पाव' हा पोर्तुगीज शब्द आहे. पायाने तुडवतात म्हणून पाव किंवा चार जोडलेल्यांतला एक म्हणून पाव, या नंतर सुचलेल्या व्युत्पत्ती आहेत. चतुर्थांश या अर्थाचा 'पाव' संस्कृत 'पाद'पासून आलेला, वेगळा शब्द आहे. 'सफरचंद'चं मूळ अरबी 'सफरजल'. त्याचा अर्थ क्विन्स, म्हणजे सफरचंदाच्याच कुळातलं एक पिवळं, तुरट फळ. गुजरातीत त्याचं 'सफरजन' झालं, आपल्याकडे शेवटी 'चंद' आला. त्यात ना सफर आहे ना चंद्र, तरी शब्द किती गोड झाला आहे. 'पुडिंग'ही इंग्रजीत जन्मतः गोड नव्हतं. मध्ययुगीन इंग्रजीत तो आतड्यात भरून शिजवलेल्या सारणाचा शब्द होता, आणि 'ब्लॅक पुडिंग' या रक्ताच्या सॉसेजच्या नावात तो अर्थ अजून शिल्लक आहे. ऑस्ट्रियात आणि जर्मनीतल्या बव्हेरियात पाव-सफरचंदाच्या अशाच पदार्थाला 'शायटरहाउफन' म्हणतात, शब्दशः ओंडक्यांची रास. चितेलाही तिथे हाच शब्द आहे. पावाचे काप रचलेले दिसले तसं नाव पडलं, आणि खाणाऱ्यांना त्याचं काही वाटत नाही.

उसना शब्द किती मुरला हे बघायचं असेल तर त्याला विभक्ती लावून पाहावी. पावाचा तुकडा, सफरचंदाची फोड, बिस्किटाचा चुरा: ही सगळी सामान्यरूपं बिनतक्रार होतात. 'ब्रेडाचा तुकडा' मात्र कोणी म्हणत नाही, 'ब्रेडचा' म्हणतात. म्हणजे ब्रेड अजून उंबरठ्यावर आहे आणि पाव घरात. 'पुडिंग'ही सध्या ब्रेडच्याच रांगेत आहे. 'पुडिंगचा वास' लिहा, 'पुडिंगाचा' उगाच ओढून आणू नका. लिंग मात्र ठरलेलं आहे: ते पुडिंग, नपुंसकलिंगी.

मुलीसाठी कृती मी अशी लिहिली असती:

"२५० ग्रॅम शिळ्या पावाचे मोठे तुकडे कर. तीन सफरचंदांच्या पातळ फोडी कर. भांड्याला आतून लोणी चोपड आणि पाव नि फोडी आलटून पालटून रच. काही तुकड्यांचे कोपरे वर राहू देत. अर्धा लिटर कोमट दुधात तीन अंडी, १०० ग्रॅम साखर आणि अर्धा चमचा दालचिनीची पूड नीट फेटून वरून सावकाश ओत. अर्धा तास मुरू दे. वर लोण्याचे बारीक तुकडे पसर. १८० अंशांवर तापलेल्या ओव्हनमध्ये ठेव. सफरचंद शिजून, दूध आळून, वरचा पाव खरपूस भाजला जाईपर्यंत, म्हणजे ४० ते ४५ मिनिटं. मधोमध थरथरलं की काढ. दहा मिनिटं निवू दे, अगदी गार करू नकोस, आणि मग वाढ."

'निवू दे' हे मुद्दाम लिहिलं आहे. गार होणं म्हणजे सगळी ऊब जाणं. निवणं म्हणजे चटका जाऊन ऊब राहणं.